काकांच्या कॅप्सूल भावाला द्याव्यात का?

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ते मोठे आहे, म्हणून त्यातील आवश्यक तेवढा भाग येथे देतो.

"माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी पावसात त्याची मोटारसायकल घसरली आणि तो उजव्या खांद्यावर आपटला. हाड मोडले नाही, पण त्या दिवसापासून त्याचा हात खांद्यातून उचलला जात नाही आणि कोपर दुमडत नाही. बोटे हलतात, मूठ वळते. तपासण्यांत खांद्याजवळच्या नसांच्या जाळ्याला मार बसल्याचे निघाले. तिसऱ्या महिन्यात पुन्हा ईएमजी (स्नायूतील विजेच्या संकेतांची तपासणी) केला, त्यातही सुधारणेची खूण नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी महिनाभरात शस्त्रक्रिया करा, असे सांगितले आहे. हाताची एक चांगली नस घेऊन ती दंडाच्या नसेला जोडणार म्हणतात. हे ऐकल्यापासून आईने धसका घेतला आहे. माझा मामेभाऊ औषधांच्या दुकानात कामाला आहे. त्याने कुठेतरी वाचले की मूत्रपिंड बदलल्यावर देतात त्या टॅक्रोलिमस नावाच्या औषधाने तुटलेल्या नसा पुन्हा वाढतात. आमच्या काकांचे प्रत्यारोपण तीन वर्षांपूर्वी झाले असून त्याच कॅप्सूल घरात आहेत. दोन-तीन महिने त्या भावाला देऊन पाहाव्यात आणि गुण आला नाही तरच शस्त्रक्रिया करावी, असे घरात चालले आहे. यात धोका आहे का? आणि हे औषध खरोखर नसा वाढवते का?"

ताई, उत्तराचा निकडीचा भाग आधी लिहितो, कारण पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत आणखी काही दिवस गेलेले असतील. काकांच्या कॅप्सूल भावाला देऊ नका, आणि त्या देऊन पाहण्यासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. यातली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते.

आता तुमच्या मामेभावाविषयी. त्याने वाचलेले खोटे नाही. घरात त्याच्यावर कोणी रागावले असेल, तर त्याला हे जरूर सांगा. या औषधाचा आणि नसांच्या वाढीचा संबंध गेली तीस वर्षे गांभीर्याने तपासला जात आहे. मात्र प्रयोगशाळेत जे दिसले आणि तुमच्या भावाला आज जे हवे आहे, त्यांत मोठे अंतर आहे, आणि ते नीट समजल्याशिवाय घरातली चर्चा थांबणार नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

टॅक्रोलिमसचा शोध १९८४ मध्ये जपानमध्ये लागला. त्सुकुबा येथील मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळाले आणि सुरुवातीला त्याला एफके-५०६ असे नाव होते. परक्या अवयवावर हल्ला करण्याचा आदेश आपल्या शरीरातील टी-पेशींना ज्या साखळीतून मिळतो, त्या साखळीतील कॅल्सिन्यूरिन नावाचे विकर हे औषध अडवते. यकृत आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणात ते म्हणूनच वापरात आले. अमेरिकेत यकृत प्रत्यारोपणासाठी १९९४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याच सुमारास अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की टॅक्रोलिमस पेशीत शिरल्यावर ज्या प्रथिनांना चिकटते, ती प्रथिने मेंदूत आणि मज्जातंतूंत फार मोठ्या प्रमाणात असतात. मज्जातंतूंना त्यांचे काय काम, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. ऑरेगन येथील ब्रूस गोल्ड यांनी उंदरांच्या मागच्या पायाची मुख्य नस चिमट्याने चेपली आणि त्यांतील काहींना हे औषध दिले. औषध मिळालेल्या उंदरांच्या नसेतील तंतू अधिक वेगाने पुढे सरकले आणि ते उंदीर काही दिवस आधी पाय नीट टाकू लागले. १९९५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या कामामुळे जगभरच्या हाताच्या शल्यचिकित्सकांचे कान टवकारले गेले.

यातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. सायक्लोस्पोरिन हे दुसरे जुने औषधही कॅल्सिन्यूरिनच अडवते आणि प्रत्यारोपणात तेवढ्याच कामाला येते, परंतु नसेचा वेग वाढवण्याचा गुण त्यात तसा दिसला नाही. म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणे आणि नस वाढवणे ही टॅक्रोलिमसची दोन निरनिराळी कामे आहेत आणि ती दोन निरनिराळ्या प्रथिनांमार्फत होत असावीत. पुढच्या प्रयोगांनी या तर्काला बळ दिले. नसेच्या वाढीशी एफकेबीपी-५२ नावाच्या प्रथिनाचा संबंध जोडला गेला. मग प्रतिकारशक्तीला हात न लावता केवळ नस वाढवतील, अशी त्याच कुळातील रसायने तयार करण्याचे प्रयत्न झाले. प्राण्यांमध्ये त्यांनी आशा दाखवली, पण रुग्णाच्या हातात देता येईल असे औषध त्यातून अद्याप आलेले नाही.

प्रत्यारोपणाच्या औषधांपैकी कोणतेही घेतले तरी चालेल, असा समजही कोणी करून घेऊ नये. सिरोलिमस, म्हणजेच रॅपामायसिन, हेही प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आहे. ईस्टर बेटाच्या मातीतून मिळालेल्या या औषधाला रुग्णांपर्यंत नेण्यात सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. पण ते पेशीतील ज्या वाढीच्या यंत्रणेला लगाम घालते, तीच यंत्रणा तंतू पुढे सरकण्यासाठी आवश्यक असते. उंदरांच्या दृष्टीच्या नसेवरील प्रयोगांत असे दिसले की या औषधाने वाढ उलट थांबते. दोन्ही औषधांवर "प्रतिकारशक्ती दाबणारे" असाच शिक्का असला तरी नसेच्या बाबतीत एक पुढे ढकलते आणि दुसरे मागे खेचते.

आता उंदरांवरून माणसांकडे येऊ. हाताचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना टॅक्रोलिमस घ्यावेच लागते. १९९८ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे, २०१५ मध्ये कोचीला आणि २०२० मध्ये आपल्या मुंबईतही अशी प्रत्यारोपणे झाली. जगभरच्या अशा काही रुग्णांमध्ये नव्या हातात संवेदना अपेक्षेपेक्षा लवकर उतरल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आणि त्याचे काही श्रेय या औषधाला दिले. सेंट लुईसच्या सुझन मॅकिनन यांनी २००१ मध्ये सात रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांच्या नसांत इतके मोठे अंतर पडले होते की स्वतःच्या शरीरातील नस पुरेना. म्हणून मृत दात्यांच्या नसा जोडून, तंतू त्यातून पलीकडे पोहोचेपर्यंतच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देण्यात आली आणि नंतर ती बंद केली गेली. सातपैकी सहा जणांत संवेदना परतली. एकाच्या शरीराने नस नाकारली. हे काम थोर आहे. पण तेथे औषध दिले ते परकी नस शरीराने स्वीकारावी म्हणून. ते द्यावेच लागणार होते. तुमच्या भावाच्या अंगात परके काही नाही. तुमच्या भावासारख्या रुग्णांना नुसते टॅक्रोलिमस देऊन हात सुधारतो, हे सिद्ध करणारा मोठा, तुलनात्मक अभ्यास आज हाताशी नाही, आणि ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे खांद्याजवळच्या नसांच्या जाळ्याच्या, इजेवर ते नियमित उपचार म्हणून दिले जात नाही. शस्त्रक्रियेच्या जागी, जोडलेल्या नसेभोवतीच ते थोडे थोडे झिरपत ठेवावे, म्हणजे बाकी शरीराला त्याचा त्रास होणार नाही, या दिशेने कॅनडात व इतरत्र काम चालू आहे. मला स्वतःला या वाटेकडून बरीच आशा वाटते.

धोक्याविषयी तुम्ही स्वतंत्र विचारले आहे. काकांना विचारा, त्यांच्या रक्तातील औषधाची पातळी किती वेळा मोजली गेली. सकाळचा डोस घेण्याआधी रक्त द्यायचे, दर बारा तासांनी ठरल्या वेळी कॅप्सूल घ्यायची, बुरशीवरचे किंवा क्षयाचे एखादे औषध सुरू झाले की लगेच डॉक्टरांना कळवायचे, ही सगळी शिस्त त्यांना तोंडपाठ असेल. ती शिस्त अशासाठी की हे औषध थोडे कमी पडले तर मूत्रपिंड नाकारले जाते आणि थोडे जास्त झाले तर त्याच मूत्रपिंडाला इजा होते. फ्लुकोनाझोलसारख्या औषधाने रक्तातील पातळी चढते, रिफाम्पिसिनने ती कोसळते. धडधाकट तरुणाच्या मूत्रपिंडालाही यातून अपाय होऊ शकतो, रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढू शकते, आणि आपल्या देशात फुफ्फुसात निपचित पडून असलेला क्षय उठून बसण्याची भीती तर कधीच नजरेआड करता येत नाही. शिवाय नसांसाठी म्हणून जे घ्यायचे, तेच औषध प्रमाण चढल्यास हात थरथरणे, डोकेदुखी, क्वचित आकडी असे मज्जासंस्थेचे त्रास देते. आणि डब्यातल्या कॅप्सूल भावाकडे वळल्या, तर काकांचा एखादा डोस चुकेल. तीन वर्षे सांभाळलेले मूत्रपिंड त्यासाठी पणाला लावायचे का, याचा घरातल्या सर्वांनी मिळून विचार करावा.

पण समजा, धोका मुळीच नाही आणि औषध उंदरांत चालले तसेच माणसात चालते, असे क्षणभर धरून चालू. तरीही दोन-तीन महिने थांबणे चूक का आहे, हे मोजपट्टी घेऊनच पाहू या.

तुटलेल्या नसेचा शेवटाकडचा भाग काही दिवसांत आतून मरतो. त्याची पोकळ नळी आणि तिच्यातील, तंतूंना आधार देणाऱ्या श्वॉन पेशी उरतात, आणि वरच्या टोकाकडून नवे तंतू त्या नळीतून पुढे सरकू लागतात. त्यांचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर असतो. भावाला समोर बसवा आणि त्याच्या मानेच्या बाजूपासून, गळपट्टीच्या हाडाच्या वरून, दंडाच्या मधल्या फुगवट्यापर्यंत शिंप्याची टेप लावा. ते अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या घरात भरेल. म्हणजे मार जेथे बसला तेथून दंडाच्या स्नायूपर्यंत पोहोचायला दोनशे ते अडीचशे दिवस, आणि सुरुवातीचा उशीर व जोडाची जागा ओलांडण्यातला वेळ धरला तर त्याहूनही अधिक.

दुसरीकडे स्नायू स्वस्थ बसून वाट पाहत नाही. नसेचा आदेश बंद पडला की तो वाळू लागतो. नस आणि स्नायू जेथे भेटतात ती बारीक टोके हळूहळू नाहीशी होतात, स्नायूच्या जागी चरबी व घट्ट ऊती भरत जातात, आणि साधारण वर्ष-दीड वर्षानंतर नस पोहोचली तरी तिच्या हाकेला ओ द्यायला फारसे कोणी उरत नाही. रुग्णांना मी सांगतो, घड्याळ नसेचे बघू नका, स्नायूचे बघा. तुमच्या भावाच्या घड्याळात चार महिने वाजून गेले आहेत.

आता हिशेब करा. औषधाने वेग पाचव्या हिश्श्याने वाढला असे नुसते मानून चाललो, तर अडीचशे दिवसांचा प्रवास दोनशे आठ दिवसांत होईल. वाचले सुमारे चाळीस दिवस. आणि ते औषध लागू पडते का हे पाहण्यात तुम्ही घालवणार साठ ते नव्वद दिवस. शिवाय ज्या नसेला पुढे जायला वाटच उरलेली नाही, तिचा वेग वाढवून उपयोग नाही. नस नुसती चेपली असेल तर नळी शाबूत असते आणि तंतू आपणहून पोहोचतात. उंदरांवरचे ते प्रयोग अशाच इजेचे होते. पण मोटारसायकलवरून पडताना खांदा खाली आणि मान विरुद्ध बाजूला अशी ओढ बसते, तेव्हा नस ताणून फाटते किंवा मुळापासून, मेरुरज्जूतून, उपटली जाते. तिसऱ्या महिन्याच्या ईएमजीमध्ये दंडाच्या स्नायूत एकही नवा संकेत नसणे याचा अर्थ बहुधा असाच असतो की तंतू आपणहून येत नाहीत. उपटलेल्या मुळाला जगातले कोणतेही औषध आज परत रुजवू शकत नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक तरुण आला होता. इजा जवळजवळ तुमच्या भावासारखीच होती आणि तो आला चौदाव्या महिन्यात. मधल्या काळात त्याने नसांची म्हणून मिळणारी सगळी इंजेक्शने घेतली होती, तीन ठिकाणी मालिश केले होते, आणि त्याच्याजवळच्या पिशवीत मिथाइलकोबालामिनच्या रिकाम्या पट्ट्यांचा गठ्ठा होता. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ते द्यायलाच हवे, पण फाटलेली नस त्याने सांधत नाही. मी त्याचा दंड दोन बोटांत धरला, तेव्हा कातडीखाली स्नायू असा लागलाच नाही. मऊ, थंड काहीतरी लागले. नसांची जोडणी करण्याची वेळ टळून गेली होती. पुढे दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेने, मांडीतला स्नायू दंडात बसवून, त्याला कोपर थोडे दुमडता येऊ लागले. पण तो मार्ग लांबचा होता आणि फळ अपुरे होते. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. चौथा महिना आणि चौदावा महिना यांतला फरक मी बोटांनी अनुभवला आहे, म्हणून लिहितो.

आईंच्या भीतीबद्दल. चांगली नस कापून दुसरीकडे लावायची म्हटल्यावर कोणत्याही आईच्या पोटात गोळा येईल, कारण आज जी बोटे चालतात तीही गेली तर, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर नसेच्या रचनेत आहे. एक नस म्हणजे एक तार नव्हे. ती अनेक बारीक जुड्यांची मोळी असते. करंगळीकडे जाणाऱ्या अल्नर नसेच्या मोळीतील एखाद-दोन जुड्या काढून घेतल्या तरी उरलेल्या जुड्या हाताचे काम सांभाळतात, हे पॅरिसचे शल्यचिकित्सक क्रिस्तोफ ओबर्लां यांनी १९९४ मध्ये दाखवले आणि तेव्हापासून ही जोडणी जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली मोळी उकलतात, एकेका जुडीला विजेचा अगदी सौम्य झटका देऊन पाहतात की ती मनगट वाकवते की बोटे, आणि मुख्यतः मनगटाचे काम करणारी जुडी निवडतात, कारण मनगट वाकवायला दुसरे स्नायूही असतात. मग केसाहून बारीक धाग्याने ती दंडाच्या स्नायूकडे जाणाऱ्या फांदीला जोडतात. सुरुवातीला करंगळीकडे थोड्या मुंग्या येतात. त्या बहुतेकांच्या ओसरतात. आणि लाभ कोणता, तर वीस-पंचवीस सेंटिमीटरचा प्रवास काही थोड्या सेंटिमीटरवर येतो, कारण जोड स्नायूच्या अगदी दारात दिलेला असतो. औषधाकडून जी चाळीस दिवसांची बचत व्हावी अशी तुमच्या मामेभावाची आशा आहे, ती ही जोडणी कित्येक महिन्यांची करून दाखवते. खांद्यासाठी मानेतील एक नस अशाच रीतीने वळवली जाते. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेली दिशा, तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून, मला योग्य वाटते. शंका असल्यास नसांच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, पण ते याच आठवड्यात घ्या. इजेपासून सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, हे लक्ष्य ठेवा. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे त्या योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्रांना आजच विचारा.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा मुळे उपटली गेली आहेत की पुढे नस फाटली आहे, हे एमआरआयवरून कितपत कळते, ते विचारा. नस जोडल्यानंतर तासभर वीस हर्ट्झचे विद्युत उद्दीपन देण्याची पद्धत त्यांच्याकडे आहे का, हेही विचारायला हरकत नाही. माणसांवर झालेल्या छोट्या चाचण्यांत तिने तंतूंना लवकर मार्गी लावल्याचे दिसले आहे, आणि प्रतिकारशक्तीला त्यात कोणताही धक्का लागत नाही. टॅक्रोलिमसचा विषयही मोकळेपणाने काढा. एखाद्या मान्यताप्राप्त रुग्णालयात, नैतिकता समितीच्या परवानगीने, रक्ततपासणीच्या देखरेखीखाली असा अभ्यास चालू असेल आणि तो शस्त्रक्रियेच्या जोडीने असेल, तर त्याचा विचार करता येईल. घरच्या डब्यातून मात्र नाही.

येथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, नाहीतर या उत्तराचा विपरीत अर्थ निघेल. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे नसा वाचवतात, हे काही आजारांत पूर्णपणे खरे आहे. ते आजार म्हणजे ज्यांत शरीराचा स्वतःचा हल्लाच नसेला जाळत असतो. आपल्या महाराष्ट्रात याचे सर्वांत जवळचे उदाहरण कुष्ठरोगाचे आहे. भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले, तरी विदर्भातील पूर्वेकडच्या जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात. या रोगात जंतू मेले तरी त्यांच्या अवशेषांविरुद्ध शरीराचा दाह भडकतो, कोपरामागची नस दोरीसारखी जाड आणि दुखरी होते, आणि हाताची बोटे वाकू लागतात. अशा वेळी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड योग्य प्रमाणात सुरू करून कित्येक आठवडे हळूहळू कमी करत नेले, तर हात वाचू शकतो. बधिरपणा किंवा अशक्तपणा नवा, सहा महिन्यांच्या आतला असेल तर गुण येण्याची शक्यता अधिक असते. बेल्स पाल्सीत, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू एकाएकी लुळी पडते तेव्हा, पहिल्या बहात्तर तासांत सुरू केलेले प्रेडनिसोलोन असेच लाभदायक ठरते. ज्यांना यापैकी काही उपचार चालू आहेत, त्यांनी हे सदर वाचून गोळ्या बंद करू नयेत. स्टिरॉइड एकाएकी थांबवणे स्वतःच घातक आहे.

मात्र धक्क्याने झालेल्या इजेत हीच औषधे देण्याचा अनुभव वेगळा आहे. पाठीच्या कण्याला मार लागल्यावर मिथाइलप्रेडनिसोलोनचे मोठे डोस देण्याची पद्धत १९९० च्या एका अमेरिकी चाचणीनंतर सर्वत्र पसरली आणि पुढे, फायदा थोडा व त्रास अधिक असे दिसू लागल्यावर, ती नेहमीचा उपचार म्हणून मागे पडली. डोक्याला मार लागलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २००५ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या क्रॅश चाचणीत तर स्टिरॉइड मिळालेल्यांत मृत्यू अधिक आढळले. त्याआधी कितीतरी वर्षे ते चांगल्या हेतूनेच दिले जात होते. प्राण्यांतले यश माणसाला लावण्यापूर्वी चाचणीची वाट का पाहायची, हे मी त्या आकड्यांमुळे शिकलो.

भावाची शस्त्रक्रिया होईपर्यंत घरी काय करायचे, ते थोडक्यात लिहितो. हात झोळीत ठेवावा, म्हणजे खांद्याचा सांधा खाली ओघळणार नाही. दिवसातून तीन-चार वेळा तुम्ही किंवा आईने त्याचा खांदा, कोपर आणि मनगट हलक्या हाताने पूर्ण फिरवावे. सांधे आखडले तर पुढे नस येऊनही हात हलणार नाही. जोरदार मालिश नको. दंडाच्या बाहेरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे बधिरपणा असेल, तर गरम चहाचा पेला किंवा दुचाकीचा सायलेन्सर लागून भाजलेले त्याला कळणार नाही, तेथे तुमचे लक्ष हवे. रात्री आग होणे किंवा झटके येणे असा त्रास असेल तर तो त्याने सोसत बसू नये; नसांच्या वेदनेसाठी वेगळी औषधे असतात आणि ती डॉक्टर देतील. विडी-सिगारेट असेल तर ती बंद.

आणि शस्त्रक्रियेनंतर एका खुणेकडे लक्ष ठेवायला तुम्हाला सांगतो. भावाचा दंड रोज संध्याकाळी उजेडात उघडा ठेवून बसवा, तुमची दोन बोटे दंडाच्या मध्यावर ठेवा आणि त्याला मूठ आवळून मनगट आत वाकवायला सांगा. मनगट वाकवणारी जुडीच आता दंडाकडे वळवलेली असल्यामुळे, नस पोहोचली की मनगट वाकवताच दंडात बोटांखाली बारीक थरथर उठते. ती पहिल्या आठवड्यांत येणार नाही. बहुतेकदा काही महिने जातात. ज्या दिवशी ती प्रथम लागेल, त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टना कळवा, कारण मनगट न वाकवता कोपर दुमडायला मेंदूला शिकवण्याचे त्यांचे काम तेथून सुरू होते.